रेडिओवर वाजणारी खुर्ची

मंत्री थाप मारतोय हे पेपरवाल्यांना दुसऱ्या दिवशी कळतं, विरोधी पक्षाला निवडणुकीच्या तोंडावर कळतं. आमच्या गल्लीला मात्र ते तिथल्या तिथे, चालू वाक्यात कळायचं. आमची अक्कल काही जास्त होती अशातला भाग नाही. आमच्याकडे खुर्ची होती.

म्हणजे खुर्ची आमच्याकडे नव्हती, रेडिओ केंद्रात होती. थांबा, नीट सांगतो.

आमच्या शहरात एक छोटं रेडिओ केंद्र आहे. त्यावर आठवड्यातून तीन दिवस, सकाळी नऊ ते दहा, मुलाखती असतात. सोमवारी समाजजीवन, बुधवारी कला आणि संस्कृती, शुक्रवारी राज्याचं राजकारण. मुलाखती घेणारी बाई एकच. तिला सगळं शहर ताई म्हणतं. तिचा आवाज असा की तिने टपालाच्या वेळा वाचून दाखवल्या तरी माणूस हातातलं काम ठेवून ऐकेल.

माझा धंदा खुर्च्या दुरुस्त करण्याचा. दुकानावर पाटी आहे, 'खुर्च्यांचा दवाखाना'. माझं शिक्षण सातवी, तेही सातवीच्या मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून. ते मास्तर आता निवृत्त झालेत आणि रोज माझ्या दुकानात येऊन बसतात. वजनाने भरपूर आहेत. दुरुस्त झालेली खुर्ची मी आधी दोन दिवस मास्तरांना बसायला देतो. टिकली तर गिऱ्हाईकाला देतो. शेजारी औषधांचं दुकान आहे. तो औषधवालाही नऊ वाजले की आपलं गिऱ्हाईक तसंच खोकत ठेवून माझ्याकडे येतो. असे आम्ही तिघे मुलाखती ऐकायचो.

तर त्या मुलाखतींत एक खुर्ची वाजायची. करर्र. बारीक आवाज, पण मी तीस वर्षं खुर्च्यांचेच आवाज ऐकतोय. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "फिरती खुर्ची आहे. बसकणीखालच्या पट्टीचा बोल्ट ढिला आहे आणि वायसर झिजलाय. बसणारा हलला की वाजते."

मास्तर म्हणाले, "गप. ऐकू दे."

ऐकता ऐकता मास्तरांच्याच लक्षात आलं. एक कवी आले होते. म्हणाले, "मला पुरस्कारांचा मोह कधीच नव्हता." करर्र. मग कुठल्याशा नाट्यसंस्थेचे अध्यक्ष आले. "आमच्या संस्थेत गटबाजी अजिबात नाही." करर्र, करर्र. एक आमदार म्हणाले, "पक्षाने आदेश दिला तरच मी उभा राहीन, माझी स्वतःची अशी इच्छा नाही," आणि ती खुर्ची इतकी वाजली की औषधवाल्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक पळत आलं, काय पडलं म्हणून.

मास्तर उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसे. म्हणाले, "माणूस खोटं बोलला की बसल्या जागी चुळबुळ करतो. तोंड शिकवून तयार करता येतं रे, बूड कसं तयार करणार?"

झालं. त्या दिवसापासून आम्ही शब्द ऐकणं सोडून दिलं. बातमी गल्लीभर गेली. नऊ वाजता दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. एकदा सार्वजनिक बागेतला म्हातारा माळी आला होता मुलाखतीला. तासभर बोलला, झाडांबद्दल, बाकांवर बसणाऱ्या लोकांबद्दल. खुर्ची एकदाही वाजली नाही. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "हा माणूस मुख्यमंत्री पाहिजे."

औषधवाला म्हणाला, "केला की लगेच वाजायला लागेल."

असं सगळं छान चाललं होतं. मग तो बुधवार आला.

त्या बुधवारी एक नट आले होते. रंगभूमीचं भवितव्य वगैरे चालू होतं. मधेच खुर्ची वाजली आणि नट हसले. "ताई, तुमची ही खुर्ची माझ्यापेक्षा जास्त वाक्यं घेतेय. एवढ्या मोठ्या शहरात खुर्ची दुरुस्त करणारा कुणी नाही का?"

आणि ताई, जिचा आवाज मी देवासारखा मानतो, ती ताई हसून म्हणाली, "आहेत हो, पण चांगला मिळत नाही."

दुकानात बारा-पंधरा माणसं होती. कुणी माझ्याकडे बघेना. औषधवाला छताकडे बघत होता. मास्तर बसल्या जागेवरून हळूच उठले, जसं काही आता माझ्या खुर्चीत बसणं बरं दिसणार नाही.

तीस वर्षं! या शहरात निम्मी माणसं बसलेली आहेत ती माझ्या जिवावर. कोर्टातली जजची खुर्ची मी केलीय. दंतवैद्याची केलीय, ती तर आडवी होते. आणि म्हणे चांगला मिळत नाही. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि जाहीर केलं, "अर्ध्या तासाचं काम आहे. आज जातो आणि ती खुर्ची गप्प करून येतो."

यावर आनंद व्हायच्या ऐवजी दुकानात दंगा झाला.

"वेडा आहेस का?" मास्तर ओरडले. "परवा शुक्रवार! परवा वाहतूकमंत्री येणार आहेत! बारा नंबरचं काय ते विचारणार आहे ताई. खुर्ची गप्प केलीस तर आपल्याला कळणार कसं?"

हे मला लागलं. कारण बारा नंबर म्हणजे आमच्या भागातली एकुलती एक बस. टेकडी ओलांडून पलीकडच्या प्रसूतिगृहावरून पुढे कारखान्यापर्यंत जायची. चार महिन्यांपूर्वी बंद झाली. माझी बायको त्या प्रसूतिगृहात सिस्टर आहे, बावीस वर्षं. बस गेल्यापासून ती पहाटे उठून टेकडी चढून जाते, पन्नास मिनिटं, आणि दुपारी तशीच परत येते. तिचा डावा गुडघा कामातून गेलाय. गेल्या आठवड्यात तिने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. मला म्हणाली, "पहिल्या तारखेला देते. आता नाही होत." आणि भाजी निवडायला बसली. बावीस वर्षांत ती तापात कामावर गेलीय, सासूबाईंच्या आजारपणात गेलीय, आमच्या भांडणात तर फारच वेळेवर गेलीय. ती 'नाही होत' म्हणाली म्हणजे काय झालं असेल ते मला कळलं होतं. पण मी काय करणार? बस काही माझ्याकडे दुरुस्तीला येत नाही.

औषधवाल्याने मधला मार्ग काढला. "अर्धीच दुरुस्त कर. बारीकसारीक थापेला वाजायला नको, मोठी मारली तरच वाजेल एवढी ठेव."

मी संध्याकाळी बायकोला विचारलं. गुडघ्याला शेक देत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही दहा-दहा बाप्ये रोज सकाळी कुणाच्यातरी बुडाचा आवाज ऐकत बसता?"

"अगं, ते तसं नाही..."

"मंत्री खरं बोलतोय की खोटं, हे कळून माझी बस येणार आहे का? करा दुरुस्त. निदान एक काम तरी होईल."

तर गुरुवारी सकाळी मी गेलो. आता तुम्हाला वाटेल, खुर्ची मोडकी, मिस्त्री दारात, काम फुकट. यात अडचण ती काय? तुम्ही सरकारी भांडार बघितलेलं नाही.

रेडिओ केंद्राचे भांडारबाबू भले गृहस्थ होते. त्यांनी मला बसवलं. (त्यांची खुर्चीही डावीकडे कलली होती, पण मी गप्प राहिलो. एका वेळी एक.) मग वही काढली. "फिरती खुर्ची, नग दोन, स्टुडिओ. स्थिती : उत्तम."

"वाजते," मी म्हटलं.

"वहीत उत्तम आहे. उत्तम वस्तू दुरुस्त करता येत नाही. आधी ती नादुरुस्त व्हावी लागते."

"झालीय ना!"

"तसा अर्ज पाहिजे. खुर्ची वापरणाऱ्याने करायचा."

"वापरतो पाहुणा."

"बरोबर. आणि पाहुणा एकदाच येतो. तासभर बसतो, जातो. तो कशाला अर्ज करेल?" भांडारबाबू खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सात वर्षांत एकही तक्रार नाही. त्यामुळे स्थिती उत्तम."

मी हात टेकले. तसा तो माणूस मनाचा वाईट नव्हता. त्यालाही तो आवाज छळत असावा, कारण थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाला, "दर गुरुवारी दुपारी स्टुडिओची सफाई असते, म्हणजे आजच. सफाईचा बिल्ला मी देऊ शकतो. आत गेल्यावर तुम्ही काय पुसता ते मी बघत नाही."

अशा रीतीने जजच्या खुर्चीला हात लावलेला माणूस त्याच दुपारी छातीवर 'सफाई, तात्पुरता' असा बिल्ला लावून आणि हातात फडकं घेऊन राज्य सरकारच्या इमारतीत शिरला. फाटकापाशी नेमका ओळखीचा भेटला. म्हणाला, "काय मिस्त्री, धंदा बदलला का?" मी म्हटलं, "हो, वाढवला."

स्टुडिओ म्हणजे जाड दाराची एक खोली. भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं. एक टेबल, दोन माईक आणि समोरासमोर दोन खुर्च्या, अगदी जुळ्या बहिणी. एकीच्या पाठीवर बायकी शाल होती, बसकणीवर एक वही आणि चष्म्याचं घर. ती ताईची. दुसरी रिकामी. ती पाहुण्याची. मी तिच्यात बसलो आणि हललो. किर्र केलं तिने. म्हटलं, सापडलीस.

खुर्ची चांगली उलटी केली. बोल्ट काढले, वायसर बदलले, पट्टी घासली, तेल दिलं. गाळलेलं तेल, दुकानातलं साधं नाही. पुन्हा बसलो. नाचलो म्हणा ना. चूं नाही की चां नाही. जाता जाता मनात आलं, हिच्या बहिणीलाही बघावं का? पण परक्या बाईची शाल, वही, चष्मा. ते उचलायचे, खाली ठेवायचे, तिच्या खुर्चीत जाऊन बसायचं. बरं दिसत नाही ते. आईने शिकवलेलं आहे थोडंफार. म्हणून नाही बघितलं. आणि याच सभ्यपणाने माझा घात केला.

शुक्रवारी दुकानात जत्रा. मास्तर रुसून आले होते, पण आले होते. मी सगळ्यांना सांगून टाकलं, "आज आवाज यायचा नाही. कानांचं काम आहे, कान लावून ऐका."

वाहतूकमंत्री चांगले बोलत होते. रस्ते, पूल, नव्या गाड्या. खुर्ची गप्प. मी लोकांकडे बघून मान हलवत होतो. मग ताईने विचारलं, "बारा नंबरची बस बंद का केली?"

मंत्री म्हणाले, "त्याचं असं आहे ताई, त्या मार्गावर प्रवासीच नव्हते. लोकांना तिथे बस नकोच होती."

करर्र.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता, दर आठवड्याला ऐकत होतो, पण आज तो माझा होता. माझ्या हाताखालून गेलेली खुर्ची सगळ्या शहरासमोर बोंबलत होती.

"वा मिस्त्री," औषधवाला म्हणाला, "तुमचं काम बोलतंय."

मास्तरांचा रुसवा गेला. ते टाळ्या वाजवत होते. "वाजली! म्हणजे थाप!"

मी काही ऐकलं नाही. मला मंत्री दिसत नव्हता, बस दिसत नव्हती, फक्त एक बोल्ट दिसत होता. पान्हा घेतला आणि धावलो. दुकानापासून रेडिओ केंद्र दहा मिनिटांवर आहे, मी सहा मिनिटांत पोचलो. फाटकावरच्या माणसाने अडवलं, तर बिल्ला अजून खिशात होता, तो नाचवला. "सफाई!" असं ओरडून मी आत.

स्टुडिओच्या दारावर लाल दिवा लागला होता. आता लाल दिव्याचा अर्थ मला कळत नाही असं नाही. पण मी विचार केला, आपण आवाज करायचा नाही, वाकून जायचं, टेबलाखाली शिरायचं, एक आटा फिरवायचा आणि बाहेर. कुणाला काही कळायचं नाही. पन्नाशीचा माणूस असा विचार करू शकतो हे मला आता खरं वाटत नाही. पण तेव्हा केला.

शिरलो. चार पायांवर. टेबलाखाली मंत्र्यांचे काळे बूट आणि ताईच्या चपला. मी मंत्र्यांच्या खुर्चीच्या बुडाला कान लावला. ते बोलत होते, "...सर्वेक्षण आम्ही अत्यंत काटेकोरपणे केलं होतं," आणि करर्र झालं. पण माझ्या कानाशी नाही! मागून झालं.

मी मान वळवली. ताई बसल्या जागी सरकत होती, वहीत काहीतरी लिहायला. ती सरकली की करर्र.

"ताई!" माझ्या तोंडून गेलंच. "अहो, खुर्ची तुमची वाजतेय!"

मग टेबलाच्या कडेखाली मंत्र्यांचं तोंड आलं, उलटं. "कोण आहे हा माणूस?"

"खुर्चीवाला," मी म्हटलं. "तुमच्या खुर्चीचा काही दोष नाही साहेब. तुमची मी कालच केली. ती उत्तम आहे. आवाज ताईंचा आहे."

हे सगळं थेट चाललं होतं. शहरभर. मास्तर नंतर सांगायचे, दुकानात त्या वेळी कुणी श्वास घेत नव्हतं.

ताई आधी दचकली, मग खो खो हसायला लागली, हसत हसत माईकवर म्हणाली, "श्रोतेहो, टेबलाखालून एक पाहुणे आले आहेत." आणि मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "पण हे बरोबर आहे त्यांचं. मला समोरच्याचं एखादं बोलणं पटलं नाही ना, की मी ते लिहून घ्यायला पुढे सरकते. मला वाटायचं, आवाज पाहुण्यांच्या खुर्चीचा आहे."

मंत्री हळूहळू म्हणाले, "म्हणजे आत्ता जे वाजलं..."

"ते मला नाही पटलं," ताई म्हणाली. "पण मी एकटीच आहे इथे, मला त्या मार्गावरचं फारसं माहीत नाही. मिस्त्री, तुम्ही कुठे राहता?"

"बारा नंबरच्या शेवटच्या थांब्यापाशी."

"मग वर या. विचारा."

तिसरी खुर्ची नव्हती. वहीत नग दोनच. मी टेबलाच्या कडेला गुडघ्यांवर उभा राहिलो, म्हणजे माईक बरोबर नाकाशी आला. दुकानात मी मंत्र्यांना काय काय म्हणायचो ते तुम्हाला सांगत नाही, पण इथे हा माणूस समोर होता, त्याच्या कानाजवळ दाढीचा साबण राहिला होता, आणि मला एक शब्द फुटेना. मग बायकोचं वाक्य आठवलं. हे कळून माझी बस येणार आहे का.

"साहेब," मी म्हटलं, "बसला प्रवासी नव्हते हे खरं आहे."

मंत्री खूश झाले. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मला आईच आठवली.

"पण सव्वासहाची ती बस शेवटचे काही दिवस साडेनऊला यायला लागली होती, आणि तुमची मोजणी तेव्हाची. माझी बायको टेकडीपलीकडच्या प्रसूतिगृहात सिस्टर आहे. तिची ड्यूटी सातला लागते. शाळा साडेसातला भरते. पलीकडचा कारखाना आठला. साडेनऊच्या बसने जाणार कोण? आमचे मास्तर आहेत एक रिकामे, ते जायचे कधीमधी. बस रिकामी पळायची ती वेळ चुकली म्हणून. माणसं होती साहेब. माणसं टेकडी चढत होती. माझी बायको चार महिने चढतेय, गुडघा गेलाय तिचा, आणि पहिल्या तारखेला ती बावीस वर्षांची नोकरी सोडतेय. तिने किती पोरं जगात आणली असतील त्याचा हिशोब नाही. कदाचित तुमच्या मतदारांतली निम्मी तिनेच आणलीत."

मंत्र्यांनी समोरचे कागद उलटले. बराच वेळ उलटले. मग ते म्हणाले, आणि हे ते भाषणातल्या आवाजात म्हणाले नाहीत, "वेळ कुठेच लिहिलेली नाही इथे. किती प्रवासी ते आहे, किती वाजता ते नाही."

"मग?" ताई म्हणाली.

"सोमवारपासून पंधरा दिवस सोडतो. सकाळी सव्वासहाला. रोज चाळीस माणसं बसली पाहिजेत. बसली तर कायम. नाही तर मला पुन्हा इथे बोलवू नका."

आणि मग मंत्री, मी आणि काचेपलीकडे आवाज सांभाळणारे लोक, सगळ्यांनी एकदम ताईच्या खुर्चीकडे बघितलं. ताई ढिम्म बसली होती. मुद्दाम नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

घरी माझा सत्कार होईल असं मला वाटलं होतं. दार उघडलं तर बायको कमरेवर हात देऊन उभी. "माझा गुडघा सगळ्या शहराला सांगितलात?"

"अगं, पण बस..."

"वॉर्डात रेडिओ लावलेला होता! पंधरा बाळंतिणी मला विचारताहेत, सिस्टर, गुडघा कसाय? आणि राजीनाम्याचं मी मोठ्या बाईंनासुद्धा सांगितलं नव्हतं. आता त्यांनी मला बोलावून विचारलं." मग "पोरं आणली म्हणालात ते मात्र बरं म्हणालात," एवढं बोलून आत गेली. आमच्या घरात सत्कार तो एवढाच होतो.

सोमवारी सव्वासहाला बस आली. वाहतूक खात्याचा एक मोजणीवाला तिच्यात वही घेऊन बसला होता. खरोखरचे प्रवासी भरले तेवीस. लोकांचा बसवरचा विश्वास उडालेला, चार महिन्यांत ज्याने त्याने आपली सोय बघितलेली. कुणी पुतण्याच्या गाडीवरून जायचा, कुणी जायचंच सोडलेलं. सतरा कमी. मग मास्तर चढले. औषधवाला चढला. मी चढलो. आमच्या मागे मुलाखती ऐकायला येणारी सगळी रिकामटेकडी मंडळी चढली. बायको खिडकीपाशी बसली होती, तिने आम्हाला बघून कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही कुठे चाललात?"

"तू चाललीस तिकडे."

"आणि मास्तर?"

"मी हवापालट करतोय," मास्तर म्हणाले.

प्रसूतिगृहापाशी ती उतरली, बाकीचे आपापल्या थांब्यांवर उतरले आणि आम्ही सतराजण त्याच बसने तसेच परत आलो. रोज. चौथ्या दिवशी मोजणीवाल्याने पेन थांबवलं. "हे गृहस्थ रोज जातात आणि न उतरता परत येतात. हे प्रवासी कसे?"

मास्तर म्हणाले, "उतरलंच पाहिजे असा नियम दाखवा."

नियम नव्हता. मोजणीवाल्याने त्यांना लिहून घेतलं. औषधवाला तर रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन यायला लागला. जाताना एका बाजूचे, येताना दुसऱ्या बाजूचे. लोकांना बरं वाटायला लागलं. आपली बस म्हणजे बसमध्ये डॉक्टर, असं पलीकडच्या वस्तीत पसरलं. सातव्या दिवशी कारखान्यातली पोरं आली. नवव्या दिवशी शाळेतल्या बाया. दहाव्या दिवशी मास्तरांना उभं राहावं लागलं आणि त्यांनी मोजणीवाल्याशी वाद घातला, "आम्ही ही बस उभी केली आणि आम्हालाच जागा नाही?"

त्याच आठवड्यात बायकोने ड्यूटीसाठी नवे बूट आणले. मी काही विचारलं नाही. राजीनामा देणारी बाई नवे बूट आणत नाही, एवढं सातवी शिकलेल्यालाही कळतं.

पंधराव्या दिवशी माझी तशी गरज नव्हती. तरी गेलो, सवय झाली होती. आणि त्या दिवशी, का कुणास ठाऊक, प्रसूतिगृहापाशी तिच्या मागोमाग मी उतरलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. फाटकाच्या आत बाकावर पाच-सहा माणसं रात्रभर बसल्यासारखी बसली होती. एक तरणा पोरगा, त्याची आई असावी, आणखी कोणी. बायको दिसल्याबरोबर सगळी उभी राहिली. पोरगा नुसता म्हणाला, "सिस्टर आल्या." आणि त्याच्या आईने डोळे मिटून असा श्वास सोडला की मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

बायको वळली. "अहो, बस चालली तुमची."

"जाऊ दे."

"मग घरी कसे जाणार?"

"चालत."

तिने माझ्याकडे जरा बघितलं. "वरच्या वळणावर थांबा, पाणी प्या. एका दमात चढू नका." आणि ती त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून आत गेली.

टेकडी मी नेहमी बसमधूनच बघितली होती. बसमधून ती टेकडी नसते, नुसता चढ-उतार असतो. पहिल्या वळणावर माझा दम गेला. दुसऱ्यावर मी कठड्यावर बसलो. तिसऱ्यावर पुन्हा बसलो आणि हिशोब केला. चार महिने, रोज दोनदा, एका गुडघ्यावर. आणि घरी येऊन मला चहा.

तेवढ्यात खालून बस आली. परत फिरणारी, तरी गच्च भरलेली. मोजणीवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "मिस्त्री! आज सकाळी बासष्ट! आता तुमची काही गरज नाही!"

इतका अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. मी कठड्यावर उभा राहून दोन्ही हात हलवले. बस वळणाआड गेली. चढ अजून बराच बाकी होता. उठलो आणि चढायला लागलो, हळूहळू, ती सांगते तसा.